जास्तीची मतं

उन्हाचा तडाखा वाढला आणि शेडमधले पक्षी पटापट मरायला लागले. वर तापलेला पत्रा, खाली तुसाचा थर, आणि त्यावर हजारो पांढऱ्या कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत बसलेल्या. धाकटी रोज सकाळी टोपलं घेऊन आत शिरायची आणि मर काढायची. मेलेले पक्षी वेचून बाहेर आणायचे, हेच तिचं काम. थंडीत एका टोपल्यात भागायचं, आता पोतीच्या पोती भरत होती. एखादी कोंबडी आदल्या दिवशीची राहून गेलेली असली तर पाय धरून उचलताना कातडीच हातात यायची. मग तो हात कितीही घासा, दुपारी घास तोंडाशी नेला की तोच वास.

वस्तीत तिला सगळे धाकटीच म्हणायचे. थोरले दीर आणि जाऊ केव्हाच शहराकडे निघून गेले होते, पण हिचं धाकटेपण काही सुटलं नव्हतं. पोती बाहेर आली की तिचा नवरा ती तीनचाकी टेम्पोत टाकायचा आणि माळावरच्या खड्ड्यात नेऊन ओतायचा. टेम्पो मालकाचा, डिझेल मालकाचं, वास तेवढा ह्याचा.

माळावरचा तो खड्डा आता गळ्यापर्यंत भरला होता. वर चुना टाकला तरी खालून बुडबुडे यायचे आणि चुन्याला भेगा पडायच्या. कुत्री रात्रीतून काय काय ओढून काढायची आणि सकाळी रस्त्यावर पिसं, आतडी, पाय पडलेले असायचे. नवरा टेम्पो मागे घ्यायचा तेव्हा नाकाला फडकं बांधायचा, आणि घरी आल्यावर ते फडकं दारातच टाकायचा.

नवा खड्डा खणायचा हे नक्की होतं. कुठे, एवढाच वाद होता. शेडमागे मालकांचाच मुरमाड तुकडा पडून होता, कोरडा ठणठणीत. तिथे खणा, असं राबणाऱ्यांचं म्हणणं. शेडवाल्यांना मात्र वस्तीच्या मागची खोलगट जागा पसंत होती. त्या जागेच्या खालच्या अंगाला वस्तीची विहीर होती. ती धाकटीच्या सासऱ्याने, आबांनी, तरुणपणी चार गडी सोबत घेऊन खणली होती. अख्खी वस्ती तिच्यावर जगत होती.

"वरचं पाणी झिरपून कुठे जाणार?" आबा येईल त्याला विचारायचे. "माझ्याच विहिरीत ना? पहार मारलीय मी तिथे. वरून खालपर्यंत भेगाळ दगड आहे. उद्या मेलेल्या कोंबडीचं पाणी पिणार का आपण?"

खड्ड्याची जागा गावसमिती ठरवणार होती. समितीचे पाच सदस्य, पाच वॉर्डांतून एकेक, आणि निवडणूक तोंडावर आली होती. शेडवाल्यांनी कुलूप ही खूण घेतली, राबणाऱ्यांनी शिट्टी. वस्तीच्या वॉर्डातून, म्हणजे पाचव्यातून, कुणाला उभं करायचं यावर विहिरीवरच चर्चा झाली. एकाचं नाव निघालं तर दुसरा रुसायचा.

शेवटी पलीकडची काकू म्हणाली, "धाकटीला करा उभी. मर काढणारीला मर कुठे टाकावी हे कळतं. आणि तिच्याशी कुणाचं भांडण नाही."

"भांडायला वेळ कुठे आहे तिला," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. धाकटीही हसली, आणि उभी राहिली.

निवडून येण्याची काळजीच नव्हती. पाचवा वॉर्ड म्हणजे सगळी वस्तीच. आधी तसं नव्हतं. आधी मधल्या रस्त्याने वस्तीचे दोन तुकडे केले होते. खालची आळी पाचव्या वॉर्डात, वरची आळी पहिल्या वॉर्डात. पहिल्या वॉर्डाचं मतदान मालकाच्या गोदामात व्हायचं, आणि गोदामाच्या दारात औषधाच्या पाण्याचा ट्रे ठेवलेला असायचा. वरच्या आळीचं कुणी मत द्यायला गेलं की मालकाचा माणूस म्हणायचा, पाय बुडवा, पक्ष्यांना रोग लागतो. गावातला दुकानदार आणि त्याची बायको ट्रे ओलांडून सरळ आत जायचे. वरच्या आळीच्या बायका साड्या घोट्यावर धरून पाय बुडवायच्या आणि ओले पाय घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, आणि मालकाची माणसं त्या ओल्या पावलांकडे बघून हसायची.

म्हणून मग वॉर्डांच्या हद्दी नव्याने ठरायच्या होत्या तेव्हा वस्तीने मागणी केली, आम्हाला सगळ्यांना एकत्र ठेवा. आपली माणसं, आपलं केंद्र, आपली रांग. मागणीच्या अर्जावर पहिला अंगठा आबांनी उठवला होता. हद्दीची मोजणी करायला साहेब आला, आणि आश्चर्य म्हणजे मालकाने एका शब्दानेही आडकाठी केली नाही. उलट साहेबाला फिरायला आपली गाडी दिली, वस्तीतल्या लोकांना चहा पाजला, "तुमची एकी अशीच राहू दे" म्हणाला. लोक खूश होऊन घरी आले. आबा तर कितीतरी दिवस मान वर करून चालत होते.

मतदानाच्या आदल्या दिवशी नवऱ्याने टेम्पो विहिरीवर आणला. दोघांनी मिळून तो घासला. आधी राख, मग फिनेल, मग पुन्हा राख. पत्र्याच्या सांध्यांत पिसं रुतून बसली होती, ती धाकटीने खिळ्याने उकरून काढली. वर स्वच्छ पोती अंथरली, पोत्यांवर सतरंजी.

"येतोय का अजून?" नवऱ्याने विचारलं.

"मला काय विचारता? माझं नाक कधीच मेलंय."

सकाळपासून नवरा घरोघरी फिरला. पाय मोडून पडलेला गवंडी, डोळ्याने अधू झालेली त्याची आई, नुकतीच बाळंत झालेली पोर, दम्याने उठता न येणारा म्हातारा, सगळ्यांना त्याने पाठीवर, खांद्यावर, हातावर घेऊन टेम्पोत बसवलं. म्हातारीने बसल्या बसल्या नाकाला पदर लावला. नंतर धाकटीचा आवाज ऐकताच तिने ओशाळून तो काढला, आणि मग सगळा रस्ता ती तोंडाने श्वास घेत राहिली. दम्याच्या म्हाताऱ्याला उतरवताना तो नवऱ्याच्या छातीवरच ओकला. नवऱ्याने शर्ट काढून धुतला, ओलाच अंगात घातला आणि पुढच्या फेरीला निघाला.

"एक पण मत घरात राहता कामा नये," आबा काठी आपटत दारोदार सांगत होते. "एक पण!"

आणि खरंच राहिलं नाही. परगावी गेलेले एसटीने आले. जे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, तेही एकाच रांगेत मागेपुढे उभे राहिले. संध्याकाळी केंद्र बंद झालं तेव्हा केंद्रावरचा अधिकारीही म्हणाला, एवढं मतदान मी कुठे पाहिलं नाही. वस्ती खुशीत घरी गेली.

मोजणी समितीच्या कचेरीत झाली. लोक बाहेर अंगणात उन्हात उभे होते. कारकून ओट्यावर येऊन एकेका वॉर्डाचा निकाल वाचायचा आणि आत जायचा.

पहिला वॉर्ड. कुलूप एकशे अठरा, शिट्टी एकशे सात.

"अकरानं गेला," कुणीतरी म्हणालं. "असू दे, अजून चार आहेत."

दुसरा. कुलूप एकशे चोवीस, शिट्टी शहाण्णव. तिसरा. कुलूप एकशे पंधरा, शिट्टी एकशे चार. शेडच्या आवारातल्या खोल्यांत राहणाऱ्यांनी मालकाच्या नाकावर टिच्चून शिट्टीला मतं दिली होती, पण प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी कमीच पडत होती. चौथा. कुलूप एकशे तेवीस, शिट्टी त्र्याण्णव. अंगणात कुलूपवाल्यांनी गुलाल काढला.

मग पाचवा. कारकुनाने कागद डोळ्याजवळ धरला. "शिट्टी दोनशे पाच. कुलूप नऊ."

वस्तीच्या लोकांनी एकच आरोळी ठोकली. नवऱ्याने धाकटीच्या खांद्यावर चारचौघांत हात ठेवला, आजवर ठेवला नव्हता. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोनशे पाच! गावात इतकी मतं आजपर्यंत कुणाला पडली नव्हती.

पहिल्या वॉर्डात पडलेला शिट्टीचा उमेदवार शेडवर पक्ष्यांचा काटा करायचा. वजनाच्या आकड्यांची त्याला सवय. तो एकटाच ओरडत नव्हता, बोटं मोजत उभा होता.

"सगळ्या गावाची मिळून बेरीज केली मी," तो म्हणाला. "शिट्टीला सहाशे पाच. कुलपाला चारशे एकोणनव्वद."

"मग आपण जिंकलो!" आबा म्हणाले.

"नाही आबा. त्यांचे चार आले, आपली एक."

"अरे पण मतं आपली जास्त ना?"

"जास्त आहेत. पण सगळी एका जागी साचलीत. धाकटी दहा मतांनी आली असती तरी आलीच असती. त्यावरची सगळी वाया." त्याने मान खाली घातली. "वरची आळी माझ्या वॉर्डात राहिली असती ना, तर हे अकरा मी केव्हाच खाल्ले असते."

अंगणातली आरोळी हळूहळू विरली. आबा काटेवाल्याकडे बघत राहिले. मालकाने त्या दिवशी चहा का पाजला, गाडी का दिली, हे त्यांना आत्ता, गुलाल उडत असताना, कळलं. आपल्याच अंगठ्याने आपणच आपल्याला कोंडून घेतलं. त्या ट्रेची लाज वाटली म्हणून! ज्यांनी लाज आणली त्यांनीच त्या लाजेच्या जोरावर आपल्याला हवी तशी हद्दीची रेघ मारून घेतली. आणि दम्याचा म्हातारा, गवंडी, बाळंतीण, सगळ्यांना पाठीवर वाहून आणलं ते कशासाठी? आधीच उतू चाललेल्या भांड्यात आणखी ओतण्यासाठी. असल्या मोजणीवर थुंकावं असं वाटतं, पण थुंकलं तरी चार ते चारच आणि एक ती एकच.

आबा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. "कुणी विचारलं तर सांग, बरं नाही," एवढंच म्हणाले.

समितीची पहिली बैठक ठेवली होती सकाळीच, नेमकी मर काढायच्या वेळी. धाकटीने अंधार असतानाच शेड उरकलं, दोनदा अंघोळ केली, धुतलेली साडी नेसली आणि कचेरीत गेली. टेबलाभोवती चार गाद्यांच्या खुर्च्या होत्या. पाचवी प्लास्टिकची, दाराजवळ, पंख्याच्या वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

"ताई, तिथे बसा. तुम्हाला मोकळी हवा लागेल," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे मालकच, निवडून आलेल्या चौघांतले एक. दुसऱ्या वॉर्डाच्या सदस्याने रुमालाने ओठ पुसले आणि रुमाल नाकावरच राहू दिला.

विषय खड्ड्याचा निघाला. धाकटी उभी राहिली. घरून पाठ करून आलेली सगळी वाक्यं उडून गेली.

"ती जागा विहिरीच्या वर आहे," ती म्हणाली. "खाली भेगाळ दगड आहे. पाणी झिरपतं. आमची पोरंबाळं तेच पितात. शेडमागे कोरडी जागा आहे, तिथे खणा. टेम्पोलाही जवळ पडेल."

"शेडमागे पक्ष्यांना रोग लागेल," मालक शांतपणे म्हणाले.

"पक्ष्यांना लागेल, आणि माणसांना?"

"हे बघा ताई, तुमची भावना आम्ही समजू शकतो. पण लोकांनी काही विचार करूनच चौघांना निवडून दिलंय."

"लोकांनी मतं आम्हाला जास्त दिलीत. सगळ्या गावाची मिळून. काटेवाल्याने बेरीज केलीय."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. रुमालवाला रुमालाआडून हसला.

"मतं मोजून झाली, ताई," मालक म्हणाले. "आता इथे हात मोजायचे. वस्तीमागच्या जागेला ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा."

चार हात वर झाले. मनगटांवर घड्याळं होती, एकाच्या बोटांत अंगठ्या.

"विरोध?"

धाकटीने हात वर केला. नखांच्या कडा चुन्याने खाल्लेल्या होत्या, तळव्याला भेगा होत्या. सहाशे लोकांचा तो एक हात. कारकुनाने तिच्याकडे न बघताच लिहिलं, बहुमताने मंजूर.

खड्डा यंत्राने खणला. आबा रोज काठी टेकत जायचे आणि काठावर उभे राहायचे. खालचा दगड उघडा पडला तेव्हा त्यांनी यंत्रावरच्या माणसाला भेगा दाखवल्या. तो म्हणाला, "बाबा, मला खणायला सांगितलंय, बघायला नाही."

खड्डा झाल्यावर कारकून घरी आला. समितीची रीत होती, ज्या वॉर्डात काम, त्या वॉर्डाच्या सदस्याच्या हस्ते सुरुवात. "मान तुमचा आहे," कारकून म्हणाला. "पहिलं टोपलं तुम्ही टाकायचं."

"मी नाही येणार."

कारकून नवऱ्याकडे वळला. "मालकांनी सांगितलंय, टेम्पोवर दुसरा माणूसही मिळतो म्हणावं."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. ती आत गेली आणि पदर खोचून बाहेर आली.

खड्ड्याशी चारही सदस्य सावलीत उभे होते. कारकुनाने तिच्यापुढे कोरे रबरी हातमोजे धरले. इतकी वर्षं ती उघड्या हाताने कुजलेलं उचलत आली होती, मोजे कधी कुणाला सुचले नव्हते. आज फोटो होता.

"घाला की, ताई."

तिने ते घेतलेच नाहीत. टेम्पोतलं टोपलं उचललं. उन्हात राहिलेले पक्षी फुगले होते, खालून पाणी गळून तिच्या पोटऱ्यांवर आलं. तिने टोपलं खड्ड्यात उलटं केलं. फोटो निघाला. मालकांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच हात रुमालाने पुसले. मग सगळे गाडीत बसून गेले आणि काचा वर केल्या. उरलेली पोती नवऱ्याने ओतली, धाकटीने फावड्याने चुना पसरला. ते काम तर तिचंच होतं.

तो फोटो कचेरीच्या भिंतीवर लागला. वस्तीतल्या बायका तिथून येता-जाता बघायच्या आणि विहिरीवर धाकटी आली की बोलणं थांबवायच्या. मागे पोरंसोरं तिला हौसेने मेंबर म्हणायची. आता बायका म्हणायला लागल्या, आणि त्या कशा म्हणायच्या हे तिला ऐकू यायचं.

एक पाऊस झाला. मग दुसरा झाला. एके सकाळी धाकटी पाण्याला गेली तर विहिरीवर बायका रिकामे हंडे घेऊन नुसत्याच उभ्या होत्या. कुणी दोर सोडत नव्हतं. पाण्यावर बारीक तेलकट तवंग होता आणि कडेला फेस जमला होता. आबा काठावर बसले होते.

"वर काढ," ते धाकटीला म्हणाले.

तिने बादली वर काढली. आबांनी ओंजळ भरली, तोंडात घेतली, तशीच धरून ठेवली. मग गिळली. त्यांच्या गळ्याची गाठ वर गेली आणि खाली आली.

"चांगलं आहे," ते मोठ्याने म्हणाले. "काही झालेलं नाही पाण्याला. माझी विहीर आहे ती."

काठीवर भार देऊन ते उठले आणि गोठ्याच्या भिंतीमागे गेले. त्यांचा ओकण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कुणी तिकडे पाहिलं नाही.

पलीकडची काकू पुढे आली. तिने रिकामा हंडा धाकटीच्या पायाशी ठेवला.

"एक विचारू? खरं सांग. आपली मतं जास्त होती ना?"

"होती."

"मोजली होती ना नीट?"

"नीट मोजली होती, काकू. काही चोरी नाही, काही नाही. सगळं कायद्यानं."

"मग?"

धाकटीने बादलीत पाहिलं. पांढऱ्या पिसाचा एक तुकडा पाण्यावर गोल गोल फिरत होता. तिने दोन बोटांनी तो काढला आणि चिखलात टाकला. बायका वाट बघत उभ्या होत्या. दुसरं पाणी मैलभरात नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

"मग काय," ती म्हणाली, आणि बादली काकूच्या हंड्यात ओतायला लागली. "धर नीट. सांडेल."